मोजणी शून्य होईपर्यंत

सिमकार्डाचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, उलटं बसू नये म्हणून – हे तिला आज पहिल्यांदाच नीट दिसलं. कीबोर्डच्या कडेला, गार झालेल्या चहाच्या कपाजवळ ते पडलं होतं. नखाएवढं, सोनेरी पोटाचं, आणि आता कशाच्याच कामाचं नसलेलं. बोटाच्या पेराने तिने ते थोडं सरकवलं, मग होतं तिथेच परत आणून ठेवलं. बाबांचं सिम. म्हणजे, होतं. दादाचा फोन येऊन गेल्याला फार वेळ झाला नव्हता आणि तो जे बोलला ते अजून तिच्या कानात सुटं सुटंच पडलं होतं, त्याची वाक्यं व्हायची होती... बाबांचा नंबर कंपनीने दुसऱ्याला दिलाय. कुणीतरी प्लंबर आहे. बँकेच्या कामासाठी मी सहज लावून बघितला तर त्यानेच उचलला. त्याला म्हणे एक आजी रोज दुपारी फोन करून जेवलात का विचारतात, म्हणजे आपली आईच.

तूच बोल त्याच्याशी, दादा म्हणाला, आणि आईशीही तूच बोल, तुला असलं जमतं. घरात कुणालाही नको असलेलं काम ‘तुला जमतं’ म्हणून तिच्या गळ्यात पडायचं, हे काही आजचं नव्हतं. करायचं तरी काय होतं? प्लंबरला सांगायचं की आमच्या आईचा नंबर ब्लॉक करा. आणि आईला सांगायचं, तू ज्यांना जेवलात का म्हणून विचारतेस ते बाबा नाहीत. पहिलं सोपं होतं. दुसरं... बाबा गेले हे आईला एकदा सांगून झालं होतं. गेल्या हिवाळ्यात, हॉस्पिटलच्या जिन्यात, तेही तिनेच सांगितलं होतं, कारण तेव्हाही तिलाच जमणार होतं. आई अलीकडे विसरायची. दुधाखाली गॅस तसाच ठेवायची, नातवंडांच्या नावांची अदलाबदल करायची, वर राहणारा दादा म्हणायचा खालच्या मजल्यावर तिला एकटीला ठेवणं आता बरं नाही. पण इतकं विसरेल? आणि विसरली असेल तर मी तिला तेच परत कसं सांगू? एकाच बाईला एकच नवरा दोनदा गेल्याचं कसं सांगतात?

समोर कालच्या क्रॅशचा लॉग, यंत्र कसं कोसळलं त्याची नोंद, उघडाच होता. निदान तिथे काय करायचं ते तिला माहीत होतं, म्हणजे माहीत असायला हवं होतं. यंत्राच्या पोटात, सगळ्या प्रोग्रॅमांच्याही खाली, कर्नल नावाचा एक कारभारी बसलेला असतो. मेमरीची पानं ज्याला हवी त्याला देणं आणि काम झालं की परत घेणं, हा त्याचा उद्योग. प्रत्येक पान किती जणांनी धरलंय याची तो मोजणी ठेवतो. नवा आला, एक वाढवली. कुणी सोडलं, एक कमी केली. शेवटच्याने सोडलं, मोजणी शून्यावर आली, की पान मोकळं – मग ते दुसऱ्या कुणाला तरी मिळतं आणि तो त्यावर आपलं लिहू लागतो. इतकं सरळ. पण कारभाऱ्याचे हात एकाच वेळी अनेक ठिकाणी चालू असतात, आणि या हाताचं त्या हाताला दिसतंच असं नाही. एक हात बघतो – मोजणी एक आहे, म्हणजे पान जिवंत आहे – आणि धरायला पुढे होतो. बघणं आणि धरणं यांच्यामध्ये एक फट असते, पापणी लवायच्याही आतली. नेमक्या त्या फटीत शेवटचा धरणारा पान सोडून निघून जातो, पान तिसऱ्याच्या हाती पडतं, आणि पहिला बिचारा ते आपलंच समजून वाचत बसतो. मग यंत्र कोसळतं. रोज नाही, कधीतरीच, आणि तेही कुणी बघत नसताना.

या जातीच्या चुकीला धंद्यात शर्यत म्हणतात, आणि ऑफिसात शर्यती सोडवायचं काम तिच्याकडे असे, म्हणून तिचं नाव कुलूपवाली. दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून मध्ये कुलूप लावायचं, ज्याच्याकडे किल्ली तो आत, बाकीचे बाहेर उभे. तिची निम्मी नोकरी त्यात गेली होती. या खेपेला मात्र कुलूप चालेना. तिने लावून पाहिलं तर यंत्र पडायचं थांबलं, पण इतकं सावकाश चालू लागलं की शेजारच्या टेबलावरच्या टेस्टवाल्याने – दिवसभर यंत्रं पाडून बघणं हेच त्याचं काम – विचारलं, हे चालतंय की लंगडतंय? आणि मास्तरांनी, म्हणजे दूर कुठेतरी बसून सगळ्यांचे पॅच, प्रोग्रॅममधल्या दुरुस्त्या, तपासणाऱ्या, आजवर कुणी चेहरा न पाहिलेल्या त्या माणसाने एका ओळीत पॅच परत पाठवला: घराच्या प्रत्येक दाराला कुलूप लावलं की घर सुरक्षित राहतं, पण त्यात राहता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं. तिने चूक रंगेहाथ पकडावी म्हणून जागोजाग पहारे बसवले, तर पहाऱ्यांमुळे सगळ्यांची चाल बदलली आणि चूक गायबच झाली. पहारे काढले, की हजर. टेस्टवाला येऊन सांगायचा, तुझं भूत येऊन गेलं गं, तू चहाला गेली होतीस तेव्हा. हसायचा, ती पण हसायची, आणि आतून मात्र तिला त्या भुताचा राग यायचा तो अगदी माणसाचा यावा तसा.

कुलपं तिला खरी शिकवली बाबांनी. बाबा रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते, एकेरी रुळाच्या मार्गावर. दोन स्टेशनांच्या मध्ये एकच रूळ, म्हणून एक लोखंडी गोळा असायचा; तो ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्यालाच पुढे जायचा हुकूम. दुसरी गाडी कितीही शिट्ट्या मारो. लहानपणी एकदा बाबांनी तो गोळा तिच्या ओंजळीत दिला होता... इतका जड की हात खाली आले, आणि बाबा म्हणाले, घट्ट धर, सबंध गाडी आहे तुझ्या हातात. आणि हा हरवला तर, बाबा? तर गाडी थांबते, बाबा म्हणाले, थांबलेली गाडी कुणाचा जीव घेत नाही. पुढे कॉलेजात कुलपांचा धडा आला तेव्हा सगळा वर्ग डोकं खाजवत होता, आणि तिला वाटलं, अरे, हा तर आमचा गोळा. हे बाबांना सांगायचं राहिलंच. दुपारी केबिनमध्ये फोन लावायचा तो आईचा मान होता. एकच्या सुमाराला आई लावायची, जेवलात का विचारायची, बाबा ‘हो’ म्हणायचे, आई ठेवायची. तेवढंच बोलणं. त्यात तिसऱ्याला जागा नव्हती आणि कुणी मागितलीही नाही.

बाबा निवृत्त झाले तरी तो फोन चालू राहिला. आई स्वयंपाकघरातून लावायची आणि बाबा बाहेरच्या खोलीत उचलून ‘हो’ म्हणायचे, मग दोघं एकाच टेबलावर जेवायला बसायची. काय ही थट्टा, म्हणून मुलं हसायची. बाबा गेले आणि त्यांचा फोन खणात राहिला. आई एकच्या सुमाराला लावायची, खणात तो वाजायचा, वाजून थांबायचा. दादा म्हणाला, वाजू दे. तिलाही वाटलं, वाजू दे. वाजायला नंबर जिवंत हवा, नंबर जिवंत ठेवायला रिचार्ज हवा. दोघांनी ठरवलं, ज्याच्या लक्षात येईल त्याने करावा. झालं काय, पहिल्याच खेपेला दोघांच्या एकदमच लक्षात आलं आणि दोघांनीही केला. त्यावरून मेली केवढी कुरबुर झाली. तू विचारायचंस तरी – तू तरी सांगायचंस! पुढच्या खेपेला दोघं शहाणी झाली. दादाने पाहिलं, मुदत संपत आलीय, म्हणाला, तिने केलाच असेल, उगीच परत दोनदा. तिने पाहिलं, म्हणाली, या वेळी त्याचा मान राखू. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. त्यात फोनची बॅटरी फुगली म्हणून तिने सिम काढून स्वतःकडे आणलेलं, नव्या फोनमध्ये घालून देते म्हणून. आणि मग हे भूत मागे लागलं, आज घालू उद्या घालू करता करता बाबांचा नंबर कुणाच्याही नकळत मरून गेला.

आणि मी, जिचं पोट या एका चुकीवर भरतं... नको. यंत्राची आणि माणसाची अशी जोडी लावणाऱ्या लोकांचा तिला तिटकारा होता. दिवसभर तसल्या उपमा ऐकून कान किटले होते. चूक म्हणजे चूक; दोन बहीणभावांनी एकमेकांवर ढकललेलं काम, दुसरं काय. तिने लॉग वर सरकवला, खाली सरकवला. एक वाजत आला होता.

ती जिन्यात गेली. या इमारतीत जिना कुणी वापरत नाही. भिंतीला लागून जुन्या खुर्च्या एकावर एक चढवलेल्या, आणि वरच्या तावदानातून ऊन पायरीवर पडलेलं. फोनमध्ये तिने ‘बाबा’ शोधलं. नाव तसंच होतं, कोण पुसणार? लावल्याबरोबर फोटो आला – केबिनच्या दारात, डोळ्यांवर हात धरून उन्हात उभे, जणू पलीकडून कुणी येतंय म्हणून तिच्याकडेच बघतायत. वेडी आहेस का, ती स्वतःला म्हणाली. कोण उचलणार आहे ते तुला ठाऊक आहे. तरी रिंग जाताना, त्या दोन रिंगांच्या मधल्या जागेत, तिला ठाऊक नव्हतं.

“हॅलो,” तिकडून कुणीतरी म्हणालं. मागे पाणी पडत होतं.

मी कोण म्हणून सांगायचं, हे तिने ठरवलंच नव्हतं. हा नंबर आधी माझ्या वडिलांचा होता, ती कशीबशी म्हणाली. तिकडे नळ बंद झाला. अच्छा, तो म्हणाला, मग त्या आजी तुमच्या आई. आवाजात एकदम सावधपणा आला. त्याने आपणहून सगळं सांगितलं, घाईघाईने, पोलिसात जबानी द्यावी तसं: पहिल्यांदा राँग नंबर म्हटलं तर त्या काही बोलल्याच नाहीत, दुसऱ्या दिवशी परत फोन, जेवलात का, मी म्हटलं हो, त्यांनी ठेवला. रोज तेवढंच. त्यांच्याकडून काही घेतलं नाही, काही विचारलं नाही, शपथेवर सांगतो.

तसं नाही म्हणायचं मला, ती म्हणाली.

“खरं सांगू का, ताई,” तो जरा सैल पडला, “तेव्हा मी जेवलेला नसतो. हातातलं काम सुटत नाही. पण हो म्हणून बसलो ना... मग त्यांनी फोन ठेवायच्या आधीच डबा काढतो. आजींपाशी खोटं कशाला पडायचं?”

तेवढ्यात तोच म्हणाला, थांबा, मध्ये दुसरा फोन येतोय, टुक टुक वाजतंय, त्याच असतील. आता. आत्ता म्हणायचं, घ्या. तिला कळत होतं की आपण मध्ये उभ्या आहोत, रूळ एकच आहे आणि गोळा आपल्या हातात आहे, पलीकडे आई कानाला फोन लावून स्वयंपाकघरात उभी आहे. पण तिच्या हातून सुटेना. हा आवाज बाबांचा नव्हता, बाबांसारखाही नव्हता, तरी बाबांचं नाव लिहिलेल्या जागेवरून तो येत होता, आणि हिवाळ्यानंतर त्या जागेशी ती पहिल्यांदाच बोलत होती. एक क्षण, आणखी एक... घ्या तुम्ही, ती म्हणाली. गेला, तो म्हणाला. परत करतील? नाही ताई, एकदाच करतात.

मग त्याने विचारलं, “मी काय करू मग? उद्यापासून उचलू की नको? तुम्ही सांगाल तसं.”

कळवते, ती म्हणाली. ऑफिसात म्हणतात तसं. फोन ठेवल्यावर त्या शब्दाची तिला इतकी लाज वाटली की ती खुर्च्यांच्या उतरंडीला टेकून बराच वेळ उभीच राहिली.

जागेवर आली तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती आणि भूकही नव्हती. लॉग होता तसाच होता. किती महिने ती सोडणाऱ्याकडे बघत होती – हा घाईने का सोडतो, थोडा थांबत का नाही. आणि आज, डोकं बधिर असताना, तिला दिसलं की सोडणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याचा वेळ झाला, तो गेला. चूक धरायला येणाऱ्याची होती; त्याने एकदा बघितलं आणि त्या बघण्यावर भरवसा ठेवला. बघणं आणि धरणं एकाच झटक्यात व्हायला हवं, मोजणी शून्य नसेल तरच. शून्य झाली असेल तर मुकाट मागे फिरायचं. आणि सुटलेलं पान लगेच दुसऱ्याला द्यायचं नाही. जे आधीपासून त्याच्याकडे बघत उभे आहेत, त्या सगळ्यांचं बघून होऊ द्यायचं. कुलूप नको, काही नको. नुसतं थांबायचं. कर्नलमध्ये अशा थांबण्याची रीत जुनीच होती, फक्त या एका आडवाटेवर कुणीतरी, कधीतरी, ती पाळायला विसरलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

फरक मोजक्या ओळींचा होता. टेस्टवाल्याने दुपारभर यंत्र हाणलं, ते पडलं नाही, लंगडलंही नाही. त्याने टेबलावर थाप मारली, पार्टी हवी म्हणाला, साहेब केबिनमधून डोकावून गेले, आणि ती हसत राहिली, हो हो म्हणत राहिली. आनंद व्हायला हवा होता. पॅचबरोबर लिहायच्या मजकुरात तिने लिहिलं, आधीपासून वाचणाऱ्यांचं वाचून होईपर्यंत पान मोकळं करू नये. आणि पाठवायचं बटण दाबायच्या आधी ते वाक्य तिने उगीचच पुन्हा वाचलं. बघणाऱ्यांचं बघून होतं कधी? यंत्रात ते कळतं, तशी सोय असते. सिम तिने पाकिटात ठेवलं, नाण्यांच्या कप्प्यात, नाण्यांत खडखडू नये म्हणून कागदात गुंडाळून.

संध्याकाळी बसथांब्यावरून तिने आईला फोन लावला. वाक्यं तयार केली होती. आधी तब्येत, मग औषधं, मग हळूच... आईने उचलताच विचारलं, तुझ्या बाबांचा नंबर दुपारी बिझी का लागला?

मीच बोलत होते त्याच्याशी, ती म्हणाली. सगळी तयारी गेली. मग तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, “आई, तो नंबर आता बाबांचा नाही गं.”

“ठाऊक आहे मला,” आई म्हणाली.

बस आली, दार उघडलं, कुणी उतरलं, दार लागलं, बस गेली. आई बोलत होती, अगदी रोजच्या आवाजात, दूध उतू गेल्याचं सांगावं तशी. मध्ये बरेच दिवस ती बाई बोलायची, हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून. रोज तेच. मी ऐकून घ्यायची. खोटं थोडंच बोलत होती बिचारी. मग एक दिवस याने उचलला. राँग नंबर म्हणाला. आता एक वाजला की हात फोनकडे जातो त्याला मी काय करू? दुसऱ्या दिवशी विचारलं, जेवलात का, तर हो म्हणाला. तुम्हाला दोघांना सांगितलं असतं तर तुम्ही लगेच मला डॉक्टरकडे नेलं असतं.

यावर ती हसली, आणि हसता हसताच डोळे भरले. दिवसभर ती आईला जपत होती, आईला कसं सांगू म्हणून झुरत होती, आणि आई तर केव्हाच तिथून पुढे आली होती, एकटी, कुणालाही न सांगता. मागे राहिलं होतं ते कोण? पाकिटात मेलेलं सिम घेऊन कोण फिरत होतं?

“तुझे बाबा हो म्हणायचे,” आई म्हणाली, “आणि संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत यायचा. किती वर्षं. मी विचारायची, ते हो म्हणायचे, मी ठेवायची. काय बोलणार, गाड्या अंगावर यायच्या त्यांच्या.” ती थांबली. “हा जेवतो गं. मी फोन ठेवते ना, तेव्हा मागे डब्याचं झाकण वाजतं.”

ती ऐकत राहिली. बाबांचं ते ‘हो’... तिला वाटायचं त्यांचं बोलणं किती थोडं. न उघडलेला डबा हातात घेऊन रोज संध्याकाळी आई उभी राहायची, काही बोलायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. आणि बाबाही पुन्हा हो म्हणायचे, माहीत असून की तिला माहीत आहे. हे मी कधी पाहिलंच नाही. एकाच घरात वाढले मी. तिला बाबांची आठवण आली, आजवर यायची तशी फोटोतली नाही; भुकेल्या माणसाची, एका हाताने लिव्हर ओढत दुसऱ्या हाताने फोन धरलेल्या माणसाची, आणि ती इतकी जवळून आली की रस्त्यावर, चारचौघांत, तिने तोंडावर हात दाबून धरला. उद्या प्लंबरला काय कळवायचं, ते तिला अजूनही ठाऊक नव्हतं. सांगायचं की उचला? की आईचं ते आईचं, आपण कोण सांगणार?

“आज विचारायचं राहिलं बघ,” आई म्हणत होती. “जेवला असेल ना तो?”

असेल, ती म्हणाली.

“आणि तू? तू जेवलीस का?”

“हो,” ती म्हणाली.

‘हो’ ऐकलं की आई ठेवते. कायमची रीत. तिने वाट पाहिली. फोनमध्ये स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज येत होता, आईचा श्वास येत होता, थोडा जड, थोडा थकलेला. आईला कळलं होतं, कळणारच. दिवे लागत होते, पुढची बस लांबून वळण घेत होती, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या पोटात भुकेची कळ उठली. आईने फोन ठेवला नाही. आधी कुणी ठेवायचा हे दोघींमध्ये ठरलेलं नव्हतं, आणि तिनेही ठेवला नाही.